मैदानात टाकलेली खाट

त्या वर्षी एप्रिलच्या उकाड्यात माझा मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरायला लागला, आणि माझा संशय तिथून सुरू झाला. तो चौदा वर्षांचा होता. आदल्या उन्हाळ्यापर्यंत घरात बनियनवर हिंडणारा पोरगा. आता बाहेरून आला की थेट बाथरूममध्ये शिरायचा, आणि बाहेर आला तरी मनगटाची बटणं लावलेलीच. एका संध्याकाळी जेवायला बसताना त्याने नकळत बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब लाल रेषा उठलेल्या.

"हे वळ कसले रे?" मी विचारलं.

"वळ म्हणजे?"

दिल्लीत वाढलेल्या पोराला हा शब्द माहीत नसणं शक्य होतं. त्याचे असे कितीतरी मराठी शब्द गळून गेले होते. पण उत्तर जुळवायला वेळ मिळावा म्हणूनही माणूस असं विचारतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सायकलवरून गिरलो," तो म्हणाला आणि बाही खाली ओढली.

सायकलवरून पडलं तर खरचटतं, अशा रेषा उठत नाहीत. पण मी त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही.

आम्ही तेव्हा गुडगावात नवीन होतो. त्याआधी बारा वर्षं दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात, ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. ह्यांनी मात्र सरकारी नोकरी सोडून मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली, आणि त्यासाठी आम्ही गुडगावात एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. सात मजली चार इमारती, दिवसातून सहा तास वीज गायब, आणि चहूकडे खोदलेले रस्ते. मी सकाळी साडेसातला चार्टर्ड बस पकडायची ती संध्याकाळी पावणेसातला परत. शाळा दीडला सुटायची. मधले पाच तास मुलगा काय करतो, हे मला तो सांगेल तेवढंच माहीत होतं.

सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर एक मोठं मैदान होतं. बिल्डरच्या नकाशात तिथे शाळा दाखवली होती, प्रत्यक्षात काही बांधलेलं नव्हतं. मैदानापलीकडे गाव. आमच्या इमारतींखालची जमीन त्याच गावाची, आणि ते मैदानही त्यांच्या गुरांचं. सुरुवातीला आमची पोरं आणि गावातली पोरं तिथे एकत्र क्रिकेट खेळायची. मग कुणी बाद होतं की नव्हतं यावरून भांडण झालं, कुणीतरी कुणाला 'गंवार' म्हणालं, उलट कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली, आणि मैदानाचे दोन भाग पडले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की घरचा फोन वाजतो, मी उचलला की बंद होतो, आणि मुलगा लगेच "जरा खाली जाऊन येतो" म्हणून निघतो.

मग आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाचं डोकं फुटलं. माझ्या मुलाच्याच वयाचा. पाच टाके पडले. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या कमिटीने सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं. पोरांना एकेकाला पुढे बोलावून विचारलं. पहिला म्हणाला, "चेन से मारा अंकल, पीछे से आए, गाँव वाले थे." दुसरा म्हणाला, "चेन से मारा अंकल, पीछे से आए, गाँव वाले थे." माझा मुलगा चौथा होता. त्यानेही तेच सांगितलं, त्याच क्रमाने.

मी अठरा वर्षं फायलींमध्ये काढली आहेत. पाच जणांचे खुलासे शब्दाला शब्द सारखे आले, की ते कुणीतरी एकानेच लिहून दिलेले असतात. पण त्या गर्दीत हे बोलायची माझी हिंमत झाली नाही. सगळे तापले होते. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, मागच्या फाटकाला कुलूप लावा, गावातून येणारं कुणीही आत घ्यायचं नाही. आणि एक नाव पुढे आलं. आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाईचा नातू.

त्या बाईला गावात सगळे ताई म्हणायचे. हरियाणात ताई म्हणजे मोठी काकू. मला मात्र मराठी कानाने ती बहीणच ऐकू यायची, जरी ती माझ्या आईच्या वयाची होती. उंच, हाडकुळी, डोक्यावर पदर, हातात दुधाचा कॅन. तिच्या नातवाला दुसऱ्या दिवशी चौकीत नेऊन संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. पुरावा काही नव्हता म्हणून सोडलं. पण आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांनी तिचं दूध बंद केलं.

नातवाला चौकीतून सोडलं त्या रात्री जेवणं आटोपायच्या आधीच मी कचरा टाकायच्या निमित्ताने खाली गेले. जिन्याखाली मुलाची जुनी सायकल उभी असायची. तिला साखळी नव्हती. वर येऊन मी मुलाला विचारलं.

"रिपेअरला दिलीय," तो म्हणाला.

"कुठे?"

"मार्केटवाल्याकडे. तू ना आई, बिल्कुल पोलिसासारखं विचारतेस."

शनिवारी मला सुट्टी. मी सायकलवाल्याकडे गेले. त्याने दुरुस्तीला आलेल्या सगळ्या साखळ्या दाखवल्या, वही दाखवली, आणि म्हणाला की तुमचा मुलगा दोन महिन्यांत इकडे फिरकलेला नाही. साखळी आमची असेल, तर डोकं फुटलं त्याच्याशी माझ्या मुलाचा काय संबंध होता? ज्याचं डोकं फुटलं तो तर त्याचा मित्र. मला काही जुळेना. एवढं नक्की कळत होतं, की ज्या पोराला चौकीत बसवलं त्याच्याबद्दल माझा मुलगा खोटं बोलला असणार.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला नाही.

"साखळी कुठेही जाऊ शकते. तू कोर्टात उभी आहेस का?"

"त्या पोराला दिवसभर बसवून ठेवलं होतं."

"आणि आता सोडलंय. तू आपल्या पोराचं नाव त्यात घालणार आहेस का? बोर्डाचं वर्ष जवळ येतंय." मग म्हणाले, "मी बोलतो त्याच्याशी." बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांनाही ऐकायची भीती वाटत होती.

पुढचे काही दिवस मी माझ्याच घरात चोरासारखी वावरले. त्याचं दप्तर तपासलं, खिसे तपासले, गादी उचलून बघितली. तो आंघोळीला गेला की त्याचे बूट उलटे करायचे. त्याच्या लक्षात आलं असणार, कारण तो खोलीतून बाहेर पडताना वस्तू मोजून ठेवल्यासारख्या ठेवायला लागला. जेवताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि नजर काढून घ्यायचो. एका घरात राहून एवढा अविश्वास मी कधी अनुभवला नव्हता.

ताईचं दूध मी चालू ठेवलं होतं. वॉचमनला सांगून तिला पुढच्या फाटकातून आत घ्यायला लावायची. एका सकाळी ती दारात उभी राहिली, पातेलं भरलं, पण निघेना. मी विचारलं, काय झालं. ती आत बघत हळू म्हणाली, "बहनजी, थारा छोरा घर में सै?"

"शाळेत गेलाय."

"म्हारे छोरे पै मन्नै भी भरोसा कोनी," ती म्हणाली. माझ्या नातवावर माझाही विश्वास नाही. मग तिने सांगितलं. चौकीतून आल्यापासून तो बोलत नाही. गावातली आठदहा पोरं संध्याकाळी तिच्या गोठ्यामागे जमतात, ती गेली की गप्प होतात. काल चारा काढताना भुशाच्या ढिगात तिला लाठ्या सापडल्या. टोकाला लोखंडी कडी ठोकलेल्या. "येत्या इतवारची काहीतरी गोष्ट आहे," ती म्हणाली. "तुझा पोरगा काय करतोय ते तू बघ. माझा काय करतोय ते मी बघते."

मी दार लावलं. आपल्या पोरावर संशय आहे असं उघड बोलणारं हे पहिलं माणूस मला भेटलं होतं. सोसायटीतली प्रत्येक आई दुसऱ्यांच्या पोरांबद्दलच बोलत होती.

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. लाठ्या एका बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूलाही काहीतरी असणार, आणि ते घरात नव्हतं हे मला माहीत होतं. मी पार्किंग बघितलं, मीटरची खोली बघितली, मग गच्चीवर गेले. पाण्याच्या टाक्यांमागे, एका फाटक्या ताडपत्रीखाली, माझ्या मुलाची सहावीतली निळी शाळेची बॅग होती. आत स्टंप, टोकं तासलेली. दोन हॉकी स्टिक. एक सायकलची साखळी, एका टोकाला मूठ म्हणून कापड गुंडाळलेलं. ते कापड माझ्या जुन्या ओढणीचं होतं. आणि वहीच्या कागदावर यादी, माझ्या मुलाच्या अक्षरात. नऊ मुलं, कोण कुठून येणार, वर 'संडे, दस बजे'.

दहाची वेळ त्यांनी विचार करून निवडली होती. रविवारी त्या वेळेला सोसायटीत निम्मे लोक टीव्हीसमोर असायचे, आणि आम्ही तिघं उपासनेसाठी दिल्लीला चर्चमध्ये. म्हणजे त्या रविवारी तो पोटदुखीचं निमित्त काढणार होता.

मी बॅग होती तशी ठेवली. ती उचलून नेली असती तर त्यांनी दुसरं काही जमवलं असतं, आणि मला दुसरी जागा सापडली नसती. शाळेतून आल्यावर मी त्याला समोर बसवलं आणि ओढणीचा घरात उरलेला तुकडा टेबलावर ठेवला.

त्याने तो बघितला आणि लगेच ओळखला.

"ते लोक येणारेत, आई," तो म्हणाला. "त्यांच्याकडे लाठ्या आहेत. आम्ही काय असेच उभे राहू?"

"त्यांच्याकडे लाठ्या का आहेत, माहितेय? कारण तुमच्याकडे साखळ्या आहेत असं त्यांना वाटतं."

"आहेतच ना."

"हो. आहेतच."

त्याने तुकडा बोटाने बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तू नाही समजणार. नाही गेलो तर मला हे लोक मारतील." हे लोक म्हणजे त्याचे स्वतःचे मित्र. त्या वेळी मला ते वळ आठवले, आणि ते कुणी उठवले याबद्दल पहिल्यांदाच वेगळी शंका आली. पण त्याने पुढे तोंड उघडलं नाही. डोकं कुणी फोडलं, या प्रश्नावर तर त्याने मान भिंतीकडेच वळवली.

शनिवारी संध्याकाळी मी गावात ताईच्या घरी गेले. तिथल्या बायका मला दारातून निरखत होत्या, सोसायटीवाली कशाला आली म्हणून. ताईने कुणाला काही सांगितलं नाही. मला गोठ्यात नेलं. पोलिसांना सांगावं का, हा विचार आम्ही दोघींनी केला. ती म्हणाली, पोलीस आले तर माझ्याच पोराला नेतील. ते खरं होतं. सोसायटीला सांगितलं तर भिंत आणखी उंच होईल, आणि पोरं भिंतीबाहेर कुठेतरी भेटतीलच. शेवटी ती म्हणाली, "त्यांना जागा लागणार ना? मग ती जागाच अडवून बसू."

रविवारी ह्यांना मी सांगितलं, माझं डोकं दुखतंय, तुम्ही एकटे जा. मुलगा म्हणाला, माझं पोट दुखतंय. ह्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं. त्यांना काही कळलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. बाहेर पडताना मात्र दारात थांबले आणि मला म्हणाले, "चप्पल नको, बूट घालून जा."

साडेनऊला मी मागच्या फाटकाच्या वॉचमनकडून कुलूप उघडून घेतलं. ताईने तोवर मैदानाच्या मधोमध खाट टाकली होती. शेजारी ताकाची हंडी आणि स्टीलचे पेले. आम्ही दोघी खाटेवर बसलो. ऊन चढत होतं. मी एवढी घाबरले होते की पदराचं टोक सारखं पिळत होते. ताईने सरत्या हंगामातल्या मटाराच्या शेंगा आणल्या होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्या मांडीवर टाकल्या. "सोल. हात रिकामे ठेवू नको," ती म्हणाली.

दहा वाजता आधी गावाकडची पोरं आली. पाठीमागे लाठ्या धरलेल्या. आम्हाला बघून थबकली. ताईचा नातू पुढे होता, ओठांवर नुकती लव आलेला, चौकीतून आल्यापासून एका हाताची करंगळी पट्टीत. "दादी, घर जा," तो म्हणाला.

"तू जा. मी मटार सोलतेय."

मग फाटकातून आमची आली. सगळ्यांत मागे माझा मुलगा, खांद्यावर ती निळी बॅग. मला बघून त्याच्या मित्रांनी वळून त्याच्याकडे बघितलं, जणू त्यानेच मला बोलावलं होतं. मित्र असंच समजतील, याचीच त्याला सर्वांत जास्त भीती असणार. कुणी पुढे येईना, कुणी मागेही जाईना. दोन्हीकडची पोरं आमच्या डोक्यावरून एकमेकांना शिव्या द्यायला लागली. ताई वर न बघता शेंगा सोलत राहिली.

तेवढ्यात एक दगड आला. माझ्या कानाजवळून गेला आणि ताईच्या खांद्यावर बसला. तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही, फक्त खाटेच्या कडेवर ठेवलेला तिचा पेला खाली पडला.

दगड आमच्या बाजूने आला होता. तिचा नातू लाठी घेऊन धावला. तिने बसल्या जागेवरून त्याचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मी उठून आमच्या पोरांकडे वळले. कुणी मारला ते मी बघितलं नव्हतं. पण माझा मुलगा कुणाकडे बघतोय ते मी बघितलं. डोक्याला टाके पडलेल्या मुलाकडे.

"बॅग खाली ठेव," मी त्याला मराठीत म्हणाले.

तो हलला नाही. त्याचे मित्र हसले. मग त्याने बॅग खाली ठेवली, आणि माझ्याकडे आला नाही, ताईकडे गेला. पडलेला पेला उचलला, हंडीतून भरला आणि तिच्या हातात दिला. देताना अर्धं ताक सांडलं. तिने ते प्यायलं. नातू तसाच लाठी धरून उभा होता. मग ऊन असह्य झालं म्हणा किंवा आमच्यासमोर त्यांना सुरुवात करता येईना म्हणा, पोरं एकेक करून पांगली.

मला वाटलं होतं लोक आभार मानतील. कमिटीने मला बोलावून विचारलं की मी गावाला आतल्या बातम्या देते का. फाटक कुणाच्या परवानगीने उघडलं, याचा जाब वॉचमनला आणि मला दोघांना द्यावा लागला. लिफ्टमध्ये बायका मी आले की बोलणं थांबवायच्या. तरीही मी ऑफिसातून आले की सातपासून अंधार पडेपर्यंत, आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दुपारी, मैदानावर जाऊन बसायची, ताई आधीच असायची. खेळ आमच्या नजरेसमोर, आणि भांडण झालं तर त्याच संध्याकाळी दोन्ही घरी सांगायचं, एवढाच नियम. पहिला महिना आम्ही दोघीच होतो. मग आमच्या इमारतीतले एक निवृत्त ड्रिल मास्तर यायला लागले. गावातला एक पैलवान आला, त्याच्यासमोर मोठी पोरं आपोआप आवाज खाली करायची. त्यानंतर मारामाऱ्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. दोनदा नाकं फुटली. पण साखळी आणि लाठी पुन्हा दिसली नाही, निदान मला तरी. मी शोधत मात्र असायची. प्रत्येक पोराच्या दप्तराकडे, खिशाच्या फुगवट्याकडे माझी नजर आपोआप जायची.

डोक्याची गोष्ट मुलाने मला त्या वर्षीच्या डिसेंबरात सांगितली. मी स्वयंपाकघरात होते, तो दारात उभा राहिला आणि एका दमात बोलला. गावातलं कुणीच नव्हतं तिथे. गच्चीवर ही पोरं साखळी फिरवायची प्रॅक्टिस करत होती. जो चुकायचा, त्याला हातावर फटके. म्हणून ते वळ. अशाच एका दिवशी साखळी सुटली आणि त्या मुलाच्या डोक्यात बसली. घरी काय सांगायचं ते त्या मुलानेच ठरवलं, आणि बाकीच्यांकडून पाठ करून घेतलं.

"साखळी कुणाच्या हातात होती?"

"माझ्या नव्हती."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने नजर काढली नाही. मी विश्वास ठेवला. आजही ठेवते, बहुतेक दिवस.

मी त्याला घेऊन खालच्या मजल्यावर गेले. त्या मुलाच्या आईने आम्हाला आत घेतलं नाही. दारातच ऐकलं आणि म्हणाली, "मुझे उसी दिन से पता है." मग दार लावलं. त्याच दिवसापासून तिला माहीत होतं, आणि ताईचा नातू चौकीत बसला होता तेव्हा ती पार्किंगमध्ये आमच्याबरोबर उभी होती. मला तिचा राग आला. जिने चढताना मात्र आठवलं, की जिन्याखालची सायकल बघितल्यावर मीही कितीतरी दिवस गप्पच होते.

ताईकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. मुलाने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे मला नको सांगू, त्याला सांग. नातू आत यंत्रावर कडबा कापत होता. माझा मुलगा आत गेला. मी आणि ती अंगणात थांबलो. यंत्राचा आवाज थांबला. मी उठले, तिने हाताने मला बसवलं. थोड्या वेळाने यंत्र परत सुरू झालं आणि माझा मुलगा बाहेर आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ठीक है. अब जा."

माफ केलं असं त्याने म्हटलं नव्हतं. मारलंही नव्हतं. त्या रविवारी दुपारी मैदानावर ताईच्या नातवाने चेंडू हातात घेतला आणि लांबून पळत येऊन माझ्या मुलाला टाकला. करंगळी बरी झाली होती, पण जरा वाकडीच राहिली होती. चेंडू फार जोरात होता. मी खाटेच्या कडेवर सरकून बसले, उठायच्या तयारीत. सहा चेंडू टाकून होईपर्यंत मी तशीच बसले होते. त्यातला एकही अंगावर आला नाही.